चाकांची वही

मी तिची एकही शर्यत पाहिलेली नाही.
माझ्याकडं फक्त ही वही,
उद्यमबागेतल्या शेडमधली, तेलानं पारदर्शक झालेली,
आणि तिच्यात द्रुपीच्या चाकांची मापं.

द्रौपदी किणयेकर. बाप पिरनवाडीत सायकली दुरुस्त करायचा.
शाळेच्या स्केटिंगमधून पंधरा दिवस कुणी तिला बर्फावर नेलं,
परत आली ती वहीच्या कागदावर चित्र काढून :
दोन लांब फळ्या, टाच मोकळी, हातात काठ्या.
"मामा, डांबरावर चालंल असं करून द्या."

इराप्पानं आर्गॉनवर चॅनेल जोडलं.
मी नायलॉनची चाकं काढली, सत्तर मिलिमीटर,
मागच्या चाकात एकाच दिशेनं फिरणारं बेअरिंग,
चढावर मागं घसरू नये म्हणून.
बर्फाला तुमच्यात काय म्हणतात रे?
मंजुगड्डे, इराप्पा म्हणाला.
धुक्याचा गड्डा.
रसवंतीतली लादी सोडली
तर तो आम्हा दोघांनीही पाहिलेला नव्हता.

पहाटे साडेचारला जांबोटीच्या रस्त्याला लागायची.
किणयेत आधी लोकांना भूत वाटलं,
मग सवय झाली, काठ्यांची टकटक ऐकून बाया चूल पेटवायच्या.
गोव्याला भाजी नेणारे टेंपो
हॉर्न न देता बाजूनं जायचे. एवढा मान
तिला नंतर कुठल्या स्टेजवर मिळाला नाही.

२००९. डावं ६८, उजवं ६८. शेवटून दुसरी.
२०११. चाकं दोनदा बदलली. तिसरी.
२०१२ मध्ये मापच नाही. नुसतं लिहिलंय : पयली.
शेजारी इराप्पानं कन्नडमध्ये काहीतरी खरडलंय,
मला वाचता येत नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.
सत्काराला फलक कुठल्या भाषेत यावर दोन तास गेले,
ती मागच्या खुर्चीत झोपून गेली होती.

असं चार वेळा पयली.
एकदाच परदेशात. त्रेचाळीस बायका, ही एकोणचाळिसावी.
पेपरात "झेंडा फडकला" असं आलं.
"मामा, पुढच्या बाईची पाठ
पहिल्या वळणावरच दिसायची बंद झाली," ती म्हणाली,
आणि कुंदा खाल्ला, सगळा डबा, एकटीनं.

येताना थर्मासमधून आमच्यासाठी बर्फ आणलं होतं.
उघडलं तर पाणी.
इराप्पानं बोट बुडवून जिभेला लावलं.
मी ते लेथच्या कूलंटमध्ये ओतलं,
तिची पुढची चाकं त्याच पाण्यावर कातली.

२०१७. डावं ६५. उजवं ६७.४.
मी तीनदा मोजलं. मायक्रोमीटर बदलून मोजलं.
गुडघा का गं?
"चाकाचं माप घ्या मामा, माझं नको."
त्या हिवाळ्यात ती परत जिंकली, चार सेकंदांनी.
गावात फटाके. मी शेडमध्ये दिव्याखाली
उजवं चाक धरून बसलो होतो,
जवळजवळ कोरं.

पुढच्या वर्षी बर्फच वेळेवर पडलं नाही.
शर्यत पुढं गेली, मग आणखी पुढं, मग रद्द.
अकरा दिवस हॉटेलात खिडकीशी बसून ती परत आली.
शेवटची शर्यत अशी झालीच नाही,
वहीत ती ओळ रिकामी सोडलीय.

आता खानापूरच्या शाळेत ड्रिल घेते.
इराप्पा बैलहोंगलला, मुलाकडं. फोनवर खोकतो.
काल ती आली, सहा पोरांच्या पट्ट्या खांद्यावर,
पायरी चढताना आधी डावा पाय.
"ही जोडी बघा मामा, पोरगं पुढं जाईना,
चढावर मागंच यायलंय."
खोललं. बेअरिंग उलटं.
मी चष्मा पुसून परत बघितलं.
मीच बसवलेलं.
ती काही बोलली नाही, स्टूल ओढून
गुडघा लांब करून बसली,
आणि मी हळूहळू ते बाहेर काढत राहिलो.